पहिलटकरीण आणि रक्तदाब



वसंतातील व्याख्यानांना येणारा श्रोता साधारणपणे एखादी राज्यक्रांती, संतवाङ्मय, नाहीतर अर्थकारणातला एखादा वाद ऐकण्याच्या तयारीने येतो. आज मी आपल्यापुढे ठेवणार आहे तो विषय माजघराचा उंबरठा ओलांडून सभागृहात फारसा आलेला नाही. गरोदर स्त्रीचा रक्तदाब वाढतो, त्यातून काय ओढवते, आणि त्याला आवर घालण्याची विद्या माणसाने कशी कमावली, हा तो विषय. मी वैद्य नव्हे; जन्मभर इतिहास शिकवला. तेव्हा औषध सांगण्याचा मला अधिकार नाही आणि तसा हेतूही नाही. परंतु लढायांच्या सनावळ्या पाठ करून घेताना मला नेहमी वाटत आले की, ज्या मृत्यूंची संख्या लढायांतल्या मृत्यूंहून खचित कमी नसेल, त्यांचा इतिहास आपण कोणत्याच इयत्तेत शिकवीत नाही.

या विषयाकडे मी वळलो तो एका वहीमुळे. माझ्या पणजोबांची जमाखर्चाची वही घरात आहे. शके १८३०, म्हणजे इसवी सन १९०८, त्या वर्षीच्या श्रावणात एक नोंद आहे : थोरल्या मुलीस पहिल्या बाळंतपणासाठी आणावयास गाडीभाडे. पुढे भाद्रपदात गौरीगणपतीचा खर्च तपशीलवार लिहिला आहे. तेल किती, गूळ किती, धोतरजोडी कोणाला. आश्विनात एकापाठोपाठ एक चार नोंदी येतात : सुईण, वैद्य, देवऋषी आणि लाकडे. ही माझ्या आजोबांची थोरली बहीण. घरात तिच्याविषयी एवढेच सांगत की, तिला दिवस भरत आले असता आकडी आली, तोंडाला फेस आला, बाहेरचे काहीतरी लागले असे समजून उतारे केले, आणि दुसऱ्या दिवशी ती गेली. पाय व तोंड आधीपासून सुजले होते, असेही माझी आजी म्हणे. पण सुजेचे कोणाला काही वाटले नव्हते. पोटात पोर असताना पाय सुजायचेच!

आता या रोगाचे नाव सांगतो. गरोदरपणी, बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या थोड्या दिवसांत स्त्रीला असे झटके येतात त्याला पाश्चात्त्य वैद्यकात ‘एक्लॅम्प्सिया’ म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ एकाएकी चमकून जाणे असा आहे. निरभ्र आकाशात वीज चमकावी तसा हा रोग येतो, अशी जुन्या वैद्यांची समजूत होती. पुढे मी जे सांगणार आहे ते सारे या एका समजुतीच्या खोटेपणाविषयी आहे, असे म्हटले तरी चालेल. वीज निरभ्र आकाशातून पडत नव्हती. ढग दिसण्याची दृष्टी नव्हती.

आपल्याकडे प्रत्येक गोष्ट आधीच माहीत होती असे दाखविण्याची एक हौस आहे. सुश्रुताने निदानस्थानात गर्भपातानंतर येणाऱ्या ‘अपतानक’ नावाच्या आचक्यांचा उल्लेख केला आहे व तो असाध्य ठरविला आहे. पण शरीर धनुष्यासारखे वाकविणारा तो विकार बहुधा धनुर्वात असावा. त्यावरून सुश्रुतास एक्लॅम्प्सिया ठाऊक होता असे म्हणणे धाडसाचे होईल. युरोपातही सतराव्या शतकापर्यंत फेफरे आणि हे झटके यांची गल्लत होत असे. फ्रान्समधील सोव्हाज याने १७३९ साली या दोहोंत भेद केला. फेफरे वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा येते. हे झटके एका प्रसंगाचे असतात आणि प्रसंग सरला की राहत नाहीत.

त्याहीपूर्वी पॅरिसमध्ये मोरिसो नावाचा एक नामांकित प्रसूतितज्ज्ञ होऊन गेला. त्याचा बाळंतपणावरील ग्रंथ १६६८ सालचा. हे झटके पहिलटकरणीला अधिक येतात, असे त्याने नोंदविले. ‘पहिलटकरीण’ या शब्दाला इंग्रजीत लॅटिनचा आधार घ्यावा लागतो. आपल्या भाषेत तो घरोघर आहे. शब्द घरोघर असूनही ही गोष्ट मात्र आपल्या सुईणींनी किंवा वैद्यांनी कोठे लिहून ठेवल्याचे मला आढळले नाही. मोरिसोचे निरीक्षण आज साडेतीनशे वर्षांनंतरही खरे आहे. त्याचा उपाय मात्र शीर तोडून रक्त काढण्याचा होता, आणि तो दोनशे वर्षे चालला. बाईचा चेहरा लाल, मान फुगलेली; तेव्हा डोक्यात रक्त चढले, ते उतरवा, असा सरळ हिशेब. बाळंतपणात आधीच रक्त गमावणाऱ्या स्त्रीचे आणखी रक्त काढताना या मंडळींचा हात कचरला नाही, याचे आज नवल वाटते. परंतु त्यांच्यापाशी दुसरे काय होते?

खरा इतिहास सुरू होतो तो लंडनच्या गाय्‌ज रुग्णालयात, आणि तोही एका चमच्यापासून. तेथे रिचर्ड ब्राइट या वैद्याने १८२७ साली दाखवून दिले की, ज्या रोग्यांच्या अंगावर सूज असते त्यांपैकी काहींची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवली तर ती गढूळ होते आणि साका धरते. अंड्याचा पांढरा भाग उकळत्या पाण्यात जसा गोठतो तसाच हा प्रकार; त्या प्रथिनाला अल्ब्युमिन म्हणतात. निरोगी माणसाच्या लघवीत ते असे उतरत नाही. मूत्रपिंडे बिघडली म्हणजे उतरते. चमचा, मेणबत्ती आणि डोळे, एवढ्या सामग्रीवर एक नवे रोगशास्त्र उभे राहिले.

त्याच रुग्णालयात जॉन लीव्हर नावाचा प्रसूतितज्ज्ञ होता. झटके येऊन दगावलेल्या बायकांची सूज पाहून, या बायका ब्राइटच्या रोग्यांसारख्याच दिसतात, असे त्याच्या मनात आले. त्याने त्यांची लघवी तापवून पाहिली. तीत अल्ब्युमिन सापडले. येथवर कोणीही गेला असता. पण लीव्हर येथे थांबला नाही, आणि यात त्याचे मोठेपण आहे. त्याने पन्नासांहून अधिक इतर बाळंतिणींची लघवी प्रसूतीच्या वेळी तपासली. तेव्हा असे दिसले की, ज्यांना झटके आले किंवा झटक्यांची पूर्वचिन्हे दिसत होती, त्यांच्याखेरीज कोणाच्याही लघवीत अल्ब्युमिन नव्हते. शिवाय बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत ते नाहीसे होई. ब्राइटच्या रोग्यांत तसे होत नसे. म्हणजे हा रोग वेगळा. त्याचा निबंध १८४३ साली प्रसिद्ध झाला. क्लोरोफॉर्मसाठी पुढे विख्यात झालेला एडिंबरोचा सिम्पसन हाही त्याच सुमारास याच निष्कर्षाला पोचला होता.

लीव्हरच्या वाक्यातील ‘पूर्वचिन्हे’ हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. झटका येण्याआधीच लघवी बोलते, हे त्यात गृहीत आहे. पण त्या काळी कोणती निरोगी गर्भवती आपली लघवी तपासण्यास वैद्याकडे जात होती? वैद्याला बोलावणे जाई ते झटका आल्यावर. ढग पाहण्याची युक्ती सापडली होती. पण आकाशाकडे पाहावयास कोणी रिकामे नव्हते. ही युक्ती जवळजवळ साठ वर्षे तशीच पडून राहिली.

आता रक्तदाबाकडे येतो. रक्ताला दाब असतो हे इंग्लंडमधील स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकाने १७३३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दाखविले. घोडीच्या धमनीत पितळेची नळी घालून तिला काचेची उंच नळी जोडली, तेव्हा रक्त आठ फुटांच्याही वर चढले. प्रयोग झाला, पण माणसावर तो कसा करणार? पुढे मनगटावरील नाडीचा आलेख काढणारी यंत्रे निघाली. त्या यंत्रात सुधारणा करून मोठे काम केले ते फ्रेडरिक अकबर महंमद या तरुण डॉक्टराने. नावावरून आपण चकित व्हाल. पाटण्याहून विलायतेस जाऊन ब्रायटन येथे स्नानगृह चालविणारे शेख दीन महंमद, यांचा हा नातू. हाही गाय्‌ज रुग्णालयातलाच. १८७०नंतरच्या दशकात त्याने दाखविले की, लघवीत अल्ब्युमिन दिसू लागण्यापूर्वीच पुष्कळदा नाडीतला ताण वाढलेला असतो. म्हणजे चमच्याच्याही आधी बोलणारा एक साक्षीदार आहे. विषमज्वराने तो १८८४ साली, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी वारला. भारतीय रक्ताच्या या संशोधकाचे नाव आपल्यापैकी फारच थोड्यांच्या कानी असेल.

सर्वांना वापरता येईल असे साधन १८९६ साली इटलीतील तुरीन येथे रिवा-रोची याने तयार केले. त्याने दंडाभोवती गुंडाळण्यास रबरी नळी घेतली ती सायकलच्या चाकातली, आणि पाऱ्यासाठी दौत घेतली असे सांगतात. पट्टी फुगवायची, नाडी बंद पडते तेथला पाऱ्याचा आकडा वाचायचा. दुसऱ्याच वर्षी, १८९७ साली, पॅरिसमध्ये व्हाकेझ आणि नोबेकूर यांनी झटके येणाऱ्या बायकांचा रक्तदाब मोजला आणि तो चढलेला आढळला. पुढे १९०५ साली सेंट पीटर्सबर्गच्या लष्करी वैद्यक अकादमीतील कोरोत्कोव्ह याने पट्टीखाली नळी लावून आवाज ऐकण्याची रीत सांगितली. त्याचे ते टिपण छापील पानभरही नव्हते. डॉक्टर आज जे वरचे आणि खालचे असे दोन आकडे सांगतात, ते या रीतीने मिळाले. माझ्या पणजोबांच्या वहीतली आश्विनातली पाने याच्या तीन वर्षांनंतरची आहेत.

तरीही, साधने असणे आणि ती वेळेवर बाईच्या दंडाला लागणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ही दुसरी गोष्ट घडवून आणण्यात एडिंबरोच्या बॅलन्टाइन यांचा मोठा हात आहे. गंमत अशी की, त्यांचे लक्ष मुळात आईकडे नव्हतेच. गर्भातील व्यंगे का होतात याचा त्यांना ध्यास होता. १९०१ साली त्यांनी एक निबंध लिहून मागणी केली की, बाळंत होण्यापूर्वीच गर्भवतींसाठी रुग्णालयात जागा असावी. एडिंबरोच्या प्रसूतिगृहात त्यासाठी एक खाट मिळाली. खाट एक, पण कल्पना क्रांतिकारक! तोवर रुग्णालय हे आजाऱ्यांचे स्थान होते. चालतीबोलती, हसतीखेळती स्त्री तेथे का जाईल? त्याच सुमारास अमेरिकेत बॉस्टन येथे परिचारिका गर्भवतींच्या घरी जाऊ लागल्या. ऑस्ट्रेलियात थोड्याच वर्षांत गर्भवतींचे बाह्यरुग्ण विभाग निघाले. १९२९ साली ब्रिटनच्या आरोग्य खात्याने एक पत्रक काढून तपासण्यांचे वेळापत्रकच आखून दिले : सोळाव्या आठवड्यात, चोविसाव्यात, अठ्ठाविसाव्यात, मग छत्तिसाव्यापर्यंत दर पंधरवड्यास, आणि त्यापुढे दर आठवड्यास. आपल्या लेकीसुना ज्या तारखांना दवाखान्यात जातात त्या तारखांचा सांगाडा हाच आहे.

शेवटी शेवटी फेऱ्या एवढ्या दाट का, हे ध्यानात घ्यावे. या रोगाचा दाब साधारणपणे विसाव्या आठवड्यानंतर चढू लागतो, आणि जसजसे दिवस भरत येतात तसतसा त्याचा वेग वाढतो. महिन्यापूर्वी ठीक असलेला दाब आज चढलेला असू शकतो. आणि मुख्य गोष्ट अशी की, तो चढल्याचे त्या बाईला पुष्कळदा कळतच नाही. डोके ठणकू लागले, डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले, बरगड्यांखाली पोटात कळ आली, तोंड व हात एकाएकी सुजले, म्हणजे उशीर होत आला असे समजावे. दुखत नाही म्हणून दुखणे नाही, या आपल्या पिढीजात न्यायाला या रोगात जागा नाही. साऱ्या घराने बाईच्या चेहऱ्यावरील तजेल्यापेक्षा पाऱ्याच्या आकड्यावर विश्वास ठेवावयाचा, ही सोपी गोष्ट नव्हे.

कारणाचा शोध मात्र या काळात भलत्याच वाटांनी गेला. गर्भामुळे रक्तात कसलेतरी विष उत्पन्न होते अशी कल्पना निघाली आणि रोगाला ‘गर्भविषबाधा’ या अर्थाचे नाव पडले. हे नाव पाठ्यपुस्तकांत फार काळ टिकले. विष मात्र कोणालाच सापडले नाही. त्स्वाइफेल नावाच्या जर्मन प्राध्यापकाने थट्टेने याला ‘उपपत्तींचा रोग’ म्हटले. पहिल्या महायुद्धात जर्मनीत अन्नटंचाई असताना झटक्यांचे प्रमाण घटल्याचे दिसले. त्यावरून मांस व चरबी हीच मूळ कारणे, असा निष्कर्ष काढून अनेक देशांत गर्भवतींचे खाणे तोडण्यात आले. मग मीठ बंद केले, वजनावर पहारा बसवला, लघवी वाढविणाऱ्या गोळ्या दिल्या. सूज ओसरे; रोग टळत नसे. चिकागोच्या प्रसूती रुग्णालयात थोर वैद्यांच्या नावांच्या ढाली बसविताना, या रोगाचे कारण शोधणारासाठी एक ढाल कोरी ठेवली आहे, असे सांगतात. खरेखोटे असो, पण गोष्ट बोलकी आहे.

परंतु कारण न कळताही माणसे वाचवता येतात, हे या इतिहासाचे वैशिष्ट्य. सेंट पीटर्सबर्गच्या स्ट्रोगानोव्ह याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाईला अंधाऱ्या, निवांत खोलीत ठेवून गुंगीची औषधे देण्याची पद्धत आणली. उगाच ओढाताण करून घाईने प्रसूती उरकण्यापेक्षा ती पुष्कळ बरी ठरली. आपल्याकडच्या जुन्या प्रसूतिगृहांतही अशी काळोखी खोली असे. मद्रासचे डॉक्टर कृष्ण मेनन (राजकारणातले नव्हेत) यांनी तीन औषधांचे एक मिश्रण वापरून आपले अनुभव १९६१ साली ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केले. हिंदुस्थानात कित्येक वर्षे तेच चालले.

याच्या समांतर एक दुसरी वाट चालू होती, आणि ती होती मॅग्नेशियम सल्फेटची. म्हणजे आपल्या आजोबांना ज्याचा जुलाब देत, तेच ते एप्समचे कडू मीठ! न्यूयॉर्कमध्ये मेल्टझर याने १९०५-०६च्या सुमारास दाखविले की, हे मीठ शरीरात टोचले तर स्नायूंचे आचके शमतात. धनुर्वातावर ते वापरून पाहण्यात आले. १९०६ साली जर्मनीत हॉर्न याने ते गर्भवतीच्या झटक्यांवर योजले. पुढे अमेरिकेत १९२५-२६ साली लझार्ड व डॉर्सेट यांनी अनुक्रमे शिरेतून व स्नायूतून देण्याची रीत बसविली, आणि टेक्सासमधील डल्लस येथे प्रिचर्ड यांनी १९५५ पासून तिला शिस्त लावली. प्रिचर्ड यांच्या रुग्णालयाचा १९८४ सालचा अहवाल २४५ झटकेवाल्या बायकांचा आहे; त्यांत एक दगावली. या औषधाला यंत्राची गरज नाही. गुडघ्यावर हातोडी मारल्यास पाय उडतो की नाही, मिनिटाला श्वास किती, लघवी किती झाली, एवढे पाहत राहावे लागते. गुडघा उडेनासा झाला तर पुढचा डोस थांबवायचा. मात्रा अधिक झाल्यास कॅल्शियमचे इंजेक्शन हा उतारा. ही तीन निरीक्षणे ज्या परिचारिकेला येतात, ती तालुक्याच्या गावीही बाईचा जीव वाचवू शकते.

असे असून विलायतेतील बडे वैद्य या मिठाकडे संशयाने पाहत. ते मेंदूवर कसे काम करते हे नीट सांगता येत नव्हते, आणि स्वस्त होते. स्वस्त औषधाला प्रतिष्ठा नसते, हा अनुभव आपल्यालाही आहे. वाद मिटला तो १९९५ साली. आशिया, आफ्रिका व दक्षिण अमेरिका या खंडांतील रुग्णालयांनी मिळून सुमारे १,७०० झटकेवाल्या बायकांवर चाचणी केली. तीत भारतही होता. मीठ एका बाजूस आणि दोन प्रतिष्ठित औषधे दुसऱ्या बाजूस. डायझेपॅमच्या तुलनेत पुन्हा झटका येण्याचे प्रमाण मिठाने ५२ टक्क्यांनी, तर फेनिटॉइनच्या तुलनेत ६७ टक्क्यांनी कमी झाले. मग २००२ साली ३३ देशांतील दहा हजारांहून अधिक स्त्रियांवरील ‘मॅगपाय’ नावाच्या चाचणीने दाखविले की, दाब चढलेला आहे पण झटका अजून आलेला नाही, अशा बायकांना हे मीठ दिले तर झटका येण्याचा धोका निम्म्याहूनही कमी होतो. १९०६ ते २००२! औषध हाती होते; ते चांगले आहे याची खात्री करून घेण्यास शहाण्या जगाला शतक लागले. आणि या शतकात जे मृत्यू झाले त्यांचा जमाखर्च कोणत्या वहीत मांडावा?

मीठ झटका रोखते; पण दाब उतरविण्यास दुसरी औषधे लागतात. यात मुंबईचा वाटा मोठा आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावरील परिणाम पन्नास रोग्यांत तपासून १९४९ साली ब्रिटिश हृद्रोग नियतकालिकात निबंध लिहिला, आणि आपली ही जुनी वनस्पती जगभर गेली. तिच्यातून निघालेले रेसरपिन पुढे गर्भवतींनाही देण्यात आले. पण नवजात बाळांचे नाक चोंदते, ती मलूल राहतात असे दिसल्याने ते मागे पडले. पोटातल्या जिवाचा विचार ज्याला करावा लागतो असे वैद्यक किती कठीण, ते यावरून कळावे. १९७६ साली ऑक्सफर्डच्या रेडमन यांनी मेथिलडोपा या औषधाची गर्भवतींवर चाचणी प्रसिद्ध केली, व त्या मुलांची सात वर्षांपर्यंत पाहणी झाली. गर्भवतीला देण्यास निर्धास्त म्हणून त्याचा लौकिक झाला.

अगदी अलीकडची गोष्ट आपल्या नागपूरची आहे. दाब १६०वर ११०च्या पुढे गेला म्हणजे मेंदूत रक्तस्राव होण्याचे भय असते, आणि तो तासाभरात खाली आणण्याची खटपट सुरू करावी लागते. शिरेतून औषध देण्यास पंप व देखरेख लागते. गर्दीच्या सरकारी रुग्णालयात ती सदैव मिळेल असे नाही. तेव्हा साध्या गोळ्यांनी काम भागेल काय? नागपूरच्या दोन सरकारी रुग्णालयांत ८९४ स्त्रियांवर याची चाचणी झाली आणि २०१९ साली ती ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. निफेडिपिन, लॅबेटेलॉल, मेथिलडोपा, तिन्हींच्या तोंडाने घेण्याच्या गोळ्यांनी सहा तासांत बहुसंख्य बायकांचा दाब आटोक्यात आला. निफेडिपिनने ८४ टक्क्यांत, इतर दोहोंनी ७६-७७ टक्क्यांत. विलायतेत ठरायचे आणि आपण गिरवायचे, हा क्रम येथे उलटला. नागपुरात ठरले ते आता इतरत्र वाचले जाते.

कारणाचेही थोडे सांगतो. द्राक्षगर्भात मूल नसते, तरीही हा रोग होतो. यावरून दोष बाळाचा नसून वारेचा, हे ओळखले गेले होते. वार पडेपर्यंत रोग पुरता हटत नाही. म्हणून दिवस भरत आले असता प्रसूती करून घेणे हाच खरा उपाय ठरला. १९६७ ते १९७२ या काळात ब्रोसेन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, गर्भाशयाच्या भिंतीतील रक्तवाहिन्या एरवी वारेला रक्त पुरविण्यासाठी रुंद होतात, त्या या रोगात अरुंदच राहतात. आणि मद्रासेत वैद्यकी शिकून बॉस्टनला गेलेले डॉ. करुमांची यांच्या गटाने २००३ साली अशा उपाशी वारेतून आईच्या रक्तात एक प्रथिन अतोनात सुटते व तिच्या रक्तवाहिन्या बिघडवते, असे सिद्ध केले. तेव्हा ते जुने ‘विष’ अगदीच खोटे नव्हते म्हणायचे! तरी वारेचे मूळ असे का बिघडते, हे कोडे आहेच.

प्रतिबंधाचे दोन उपाय निघाले आहेत. धोका अधिक असलेल्या स्त्रियांना गर्भारपणाच्या सुरुवातीपासून ॲस्पिरिनची लहान मात्रा, हा एक; २०१७ सालच्या चाचणीत दिवस भरण्याआधी होणारा रोग तिने पुष्कळ घटवला. दुसरा कॅल्शियमचा. ग्वाटेमालातील माया लोकांत गरिबी असूनही झटके विरळ, कारण ते मका चुन्याच्या पाण्यात भिजवून खातात, असा तर्क १९८० साली निघाला. पुढे जेथे आहारात कॅल्शियम कमी तेथे त्याच्या गोळ्यांचा उपयोग दिसून आला. आपल्याकडे बाळंतिणीला चुना लावून विडा देतात म्हणून लगेच छाती फुगविण्याचे कारण नाही. तो विडा आपण बाळंतपण उरकल्यावर देतो.

आता आपल्या एका रीतीविषयी बोलतो. कोणाचे मन दुखवण्याचा हेतू नाही. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली चाल. तिच्यात माया आहे, विश्रांती आहे. सासुरवाशिणीला ती फार मोठा आसरा होती व आजही आहे. पण मुलगी माहेरी निघते केव्हा? सातव्या महिन्यात. म्हणजे मोरिसोने सांगितलेली पहिलटकरीण, आणि वेळापत्रकात फेऱ्या दाट होतात तो नेमका काळ. त्याच वेळी तिचे गाव बदलते, डॉक्टर बदलतो, नोंदी मागे राहतात. मागचा दाब किती होता हे नव्या डॉक्टराला ठाऊक नसते, आणि १३० हा आकडा त्याला ठीक वाटतो. दोन महिन्यांपूर्वी तो १०० होता हे सांगणारा कागद सासरच्या कपाटात असतो. माझ्या शेजारच्या एका मुलीच्या बाबतीत मी हे पाहिले आहे. नशिबाने तेथील परिचारिका चिकाटीची होती. तिने फोन करून कार्डाचा फोटो मागवला आणि त्याच संध्याकाळी मुलीला जिल्ह्याच्या गावी हलवले. आई व बाळ सुखरूप आहेत. सरकारने जे ‘माता व बाल संरक्षण कार्ड’ दिले आहे, ते ओटीच्या खणानारळाबरोबर मुलीच्या पिशवीत जावे, एवढीच माझी विनंती. २०१६ सालापासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींच्या तपासणीचा दिवस ठरविला आहे, आणि आशा कार्यकर्त्या त्याची आठवण देत फिरतात. त्यांना दारातून परत पाठवू नये.

या सर्व खटपटीचे फळ दिसते. २०१८-२० या वर्षांच्या सरकारी पाहणीत देशात दर लाख जिवंत जन्मांमागे ९७ मातांचा मृत्यू होत असे, महाराष्ट्रात ३३. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४ सालच्या हिशेबाप्रमाणे जगातील मातामृत्यूंपैकी सुमारे १४ टक्के मृत्यू याच रक्तदाबाच्या विकारांमुळे होत होते.

बाळंतपण झाले की घर बारशाच्या तयारीला लागते, आणि आईचा दाब विसरला जातो. झटके प्रसूतीनंतरही येतात. बहुधा पहिल्या दोन दिवसांत, क्वचित त्याहून पुढे. म्हणून वार पडल्यावरही काही दिवस पट्टी लावीत राहावे लागते. शिवाय ज्यांना गर्भारपणी हा विकार झाला, त्यांना पुढील आयुष्यात हृदयविकार व पक्षाघात यांचा धोका इतरांपेक्षा सुमारे दुप्पट असतो, असे २००७ साली झालेल्या मोठ्या आढाव्यात दिसून आले. तेव्हा येथे बसलेल्या भगिनींपैकी कोणाला तीस वर्षांपूर्वी बाळंतपणात ‘दाब वाढला होता’ असे सांगण्यात आले असेल, तर ती गोष्ट आपल्या आजच्या डॉक्टरांना अवश्य सांगावी. बहुतेक डॉक्टर ती विचारीत नाहीत, आणि बहुतेक बायका ती विसरलेल्या असतात.

सभागृहाच्या मागच्या बाजूस दोन परिचारिका रक्तदाब मोजण्याचे साधन घेऊन बसल्या आहेत. मंडळाने ही व्यवस्था केली, याबद्दल मी चालकांचा आभारी आहे. गर्भवती भगिनींनी आधी जावे; आम्हा म्हाताऱ्यांनी मग.